समोर होतं कोण?

१० सप्टेंबर, बुधवार
काल बाबांचा ऐंशीवा वाढदिवस. मी फक्त आकडे सांगितले. भांडण झालं त्याला मी काय करू?

मुद्दा सरळ आहे. आपल्या अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासात जो संघ जिंकला, त्याच्या समोर कोण होतं ते बघायचं. समोरच्यांनी वर्षभरात सामने कमी जिंकले असतील, तर शेड्यूल सोपं आणि विजेतेपद जवळपास फुकटचं. मायामीचा १९७२ चा संघ एकदाही हरला नाही म्हणतात. समोर कोण होतं बघा की! इथपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी आपल्याच गावाचा, ग्रीन बेचा साठच्या दशकातला संघ काढला. बाबांचा जीव की प्राण. त्यांनाही लेचेपेचेच भेटले, असं म्हटलं. केक तसाच राहिला.

बाबांनी एवढंच विचारलं, त्या लेच्यापेच्यांना हरवलं कोणी, रे?

मुद्दाच कळला नाही त्यांना. वय झालं.

१४ सप्टेंबर, रविवार
स्टेडियमच्या गेटवर समजलं की माझ्या सीटवर आज डेल. डेल म्हणजे बहिणीचा, मार्लिसचा नवरा. शिकागोचा! आमच्या जुन्या वैऱ्यांच्या गावचा माणूस आमच्या घरात जेवतो हेच खूप झालं. बाबांच्या नावावर सीझनची दोन तिकिटं, शेजारी शेजारी. मी बारा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या उजवीकडे बसतो. ग्रीन बेमध्ये लोक घर विकतील, ही तिकिटं नाही विकणार.

मार्लिसचा फोन. बाबा म्हणे एकच शब्द मागतायत. "चुकलं" म्हण आणि बस जागेवर. नाहीतर नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला दोन्ही तिकिटं डेलच्या नावावर करणार.

ब्लॅकमेल आहे हे. तरी मी मोठ्या मनाचा. पुढच्या रविवारी जातो.

२१ सप्टेंबर, रविवार
नाही गेलो. आज समोरचा संघ तगडा होता. डोकं ठिकाणावर नसताना माफी मागू नये. टीव्हीवर प्रेक्षकांतल्या आमच्या ओळी शोधत बसलो. दिसल्या नाहीत.

२८ सप्टेंबर, रविवार
आज समोरचे दुबळे. सोप्या सामन्याच्या दिवशी घरात वाद काढला आणि हरलो, तर सगळं गाव मला धरेल. नाही गेलो.

५ ऑक्टोबर, रविवार
मार्ग सापडला. १९ तारखेला आपला सामनाच नाही, सुट्टीचा रविवार. इथे लग्नं, रंगकाम, दातांचे डॉक्टर, सगळं त्याच रविवारवर ढकलतात. माफीही त्यात बसेल. मार्लिसला कळवलं, सकाळी नऊला येतो. ती म्हणाली, अरे ठोंब्या, बापाची माफी मागायलाही शेड्यूल बघतोस? मग म्हणाली, ये मात्र नक्की. बाबा रोज विचारतात.

तिकिटांबद्दल विचारत असतील.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
टॅव्हर्नमध्ये बिअरसोबत तळलेला मासा खाताना हिशोब पुन्हा चाळला. एक बारीक गोष्ट सापडली. समोरच्या संघांच्या पराभवांत आपल्याच संघाने त्यांना झोडपलेले सामनेही मी धरले होते. म्हणजे आपण जितकं जास्त जिंकायचं, तितके समोरचे दुबळे दिसायचे. हे वजा करायला हवं.

मोठाच शोध आहे हा, आणि माझा आहे. बाबांनी काहीतरी विचारलं होतं खरं, पण विचारणं वेगळं, शोधणं वेगळं.

१९ ऑक्टोबर, रविवार, सकाळी ८
आज जातो. फक्त तेवढे नवे आकडे काढून घेतो. रिकाम्या हाताने काय जायचं?

सकाळी ११
साठचं दशक संपत आलं. बाबा खूश होतील.

दुपारी २
मार्लिसचा फोन. रडत होती. बाबा शिडीवरून पडले. सकाळी सातपासून इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत बसले होते म्हणे. माझ्यासाठी बेकरीतून क्रिंगल, तो कड्यासारखा गोड पाव, आणून ठेवला होता, पेकनचे दाणे घातलेला. अकरापर्यंत वाट पाहिली. मग शर्ट बदलला आणि छपराच्या पन्हळीतली पानं काढायला वर चढले.

खुब्याचं हाड मोडलंय.

पानं काढायचं काम दरवर्षी माझं असतं. ते याच रविवारी. सांगितलं असतं तर गेलो नसतो का?

२२ ऑक्टोबर, बुधवार
हॉस्पिटल. कागद घेऊन गेलो. बाबा गादीत बारीक दिसत होते. मी म्हटलं, आकडे सुधारलेत, तुमचा संघ चांगला होता. त्यांनी कागद घेतले नाहीत. म्हणाले, मला ठाऊक होतं रे, मी होतो तिथे. मग म्हणाले, तिकिटं घे. दोन्ही.

माफी न मागता! म्हणजे मी जिंकलो.

बाहेर डेल भेटला. मी म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका भावोजी. तो म्हणाला, छे हो, मला तर ती थंडी सोसतच नाही. मी फक्त त्यांना धरून न्यायचो. दोन वर्षं झाली, त्यांना स्टेडियमच्या पायऱ्या नीट दिसत नाहीत. तुम्हाला माहीत असेलच.

नव्हतं माहीत. वर चढताना ते माझा खांदा धरायचे. मला वाटायचं, लाडाने.

डॉक्टर म्हणतात, त्या पायऱ्या आता विसरा.

९ नोव्हेंबर, रविवार
बोचरी थंडी. दोन तिकिटं, मी एकटा. डेलला विचारलं, नको म्हणाला. बाबांची उशी त्यांच्या जागेवर ठेवली. त्या धातूच्या बाकावर उशीशिवाय बसवत नाही. पुढच्या ओळीतल्या आयरीनबाईंनी वळून पाहिलं. चाळीस वर्षं त्या तिथे आहेत. थर्मासमधली कॉफी दिली. कपात नाही, झाकणात. बाबांना झाकणातच लागायची.

जिंकलो. सगळे उभे राहून ओरडत होते. सवयीने उजवीकडच्या जागेवरून डावीकडे वळलो आणि म्हटलं, त्यात काय एवढं, समोरचे लेचेपेचेच होते.

उशी तशीच. त्यांना हरवलं कोणी, रे, असं कोणीच विचारलं नाही.

मग म्हटलं, चुकलं, बाबा. मोठ्याने म्हटलं. त्या गलक्यात आयरीनबाईंनासुद्धा ऐकू गेलं नसेल.

तरी एकदा म्हणून झालं, हे बरं. उद्या हॉस्पिटलात जाऊन समोरासमोर सांगून येतो. उद्या बर्फ पडणार म्हणतायत. मंगळवार जरा सोपा दिसतोय.