पोशन परवडतं का?

३ मार्च, सोमवार, सकाळ
रजा सुरू. कारण : आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. आमची ही ट्रेनिंगला बाहेरगावी गेलीय. जाताना बजावून गेली, थेंब दिवसातून चार वेळा, विसरायचं नाही. आईला सांगितलं, घंटी लावून ठेवतो, घंटी वाजली की थेंब. आईचा माझ्यावर पूर्ण विश्वास. रास्तच आहे.

मधल्या वेळात ऑनलाइन गेमचा थोडा अभ्यास. कंपनीत इतकी वर्षं कॉस्टिंग करतोय, आणि गेममधली पोरं पोशन, म्हणजे जादूचं औषध, पाण्यासारखं पितात. हिशेब कुणी मांडत नाही. पोशन प्यायलं की अर्धा तास ताकद दुप्पट. पण दलदलीतला राक्षस मारून मिळणाऱ्या सोन्यातून पोशनचा खर्च वजा जाता उरतं काय? मी मांडणार.

दुपार
मोबाइलवर थेंबांची घंटी लावायची राहिली. पोशनची मात्र लावली. ताकद संपली की कॉम्प्युटर घणघणतो. आवाज मोठा ठेवलाय, नाहीतर फुकट वेळ जातो.

थेंब आठवले तशी धावत गेलो. आई म्हणाली, घातले. बहुतेक मीच घातले असणार. कामाच्या माणसाला अशा गोष्टी लक्षात राहत नाहीत.

४ मार्च
पोशन पिऊन तासाची कमाई पन्नास हजार सोनं, खर्च चोपन्न हजार. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. पण एका दिवसाच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय. उद्या महागातलं पोशन.

मावशीचा फोन आला होता. रजा घेऊनही बिचारा दिवसभर ऑफिसचं काम करतो, असं आई तिला सांगत होती. ऐकवेना. दार लोटून घेतलं.

५ मार्च
महागाच्या पोशनने तोटाही महाग झाला. राक्षसात दोष आहे, हिशेबात नाही.

संध्याकाळी हिने फोनवर थेंबांचं विचारलं. वेळच्या वेळी, म्हणालो. तसं खोटं नाही. कधीही विचारा, आई "झाले" म्हणते. उद्यापासून स्वतः घालायचे. नक्की.

६ मार्च
महिनाभर पुरणारी बाटली संपली! आईला जरा बोललो. असं सांडून कसं चालेल, थेंबांचा काही हिशेब आहे की नाही? ती म्हणाली, चुकलंच माझं, एका डोळ्याने नेम धरता येत नाही.

म्हणजे ती स्वतःच घालत होती. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, असं आता वाटतं. राक्षस मारण्यात मन लागेना. तरी दोन पोशनं प्यायलो. आधीच घेऊन ठेवली होती.

७ मार्च
आईचा डोळा लाल. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. डोळ्यातलं प्रेशर वाढलंय म्हणाल्या. थेंब किती वेळा घालता? मी तोंड उघडायच्या आत आई कौतुकाने म्हणाली, "याने घंटी लावलीय ना. अर्ध्या अर्ध्या तासाने वाजते. हा कामात असतो, मग माझी मीच घालते."

इतके थेंब घातले की प्रेशर वाढणारच, डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. वेळेत आलात, डोळा वाचेल, पण ते थेंब बंद. नवे दिले, दिवसातून दोनदा. ती घंटी कसली ते मला तिथेच सांगायचं होतं, पण बाहेर पेशंट खोळंबले होते. घरी गेल्यावर सांगू म्हटलं. घरी आल्यावर आई दमली होती. लाज वाटली, पण सांगितलं नाही.

८ मार्च
गेम काढून टाकला. अभ्यास पूर्ण. पोशन परवडत नाही.

नव्या थेंबांची बाटली घेऊन आत गेलो. आई पलंगाच्या कडेला मान वर करून, पापणी बोटाने उघडी धरून बसली होती. कधीपासून, ते विचारायची हिंमत झाली नाही.

"आज घंटी वाजलीच नाही," ती म्हणाली. "रजा संपली का रे तुझी?"

उद्यापर्यंत आहे, म्हणालो. पहिला थेंब तिच्या गालावर सांडला. तिने पदराने गाल पुसला आणि पापणी पुन्हा उघडी धरली.