लागली की ढकलली

बाबा, काल सराव संपल्यावर रिंकवरच्या एका छोट्या मुलीनं मला विचारलं, "ताई, आणि तुमची चूक कुठली?" मी म्हणाले, "आज मी जरा जास्त ओरडले." सगळ्या हसल्या, पाणी प्यायल्या, घरी गेल्या. मी मात्र कामोठ्याच्या त्या सिमेंटवर एकटीच स्केट्सच्या नाड्या सोडत बसले. नाड्या सोडायला एवढा वेळ लागत नाही.

आपल्या घरची पद्धत मी या मुलींना लावली आहे. आधी स्वतःची चूक सांगायची, मग पाण्याला हात लावायचा. घरी तो पहिल्या घासाचा नियम होता. आजोबा मिठागराच्या कोरड्या, चोपून घट्ट केलेल्या जमिनीवर हॉकी शिकले, तुम्ही कारखान्याच्या संघातून खेळलात, माझ्या पायांना तुम्ही चाकं बांधलीत. पण परीक्षा तिघांचीही स्वयंपाकघरातच. आई भाकरी उलटता उलटता विचारायची, "बोला, आज कोनी काय माती खाल्ली?"

मी नऊ वर्षांची असतानाचा एक रविवार मला अजून दिसतो. चेंडू गोलच्या तोंडाशी थांबलाय, माझी काठी दुसरीच्या काठीखाली अडकलीय, आणि मी स्केट तिरका करून चेंडू आत सारते. पंच तुम्हीच. तुम्ही गोल दिलात. दुपारी ताटावर बसल्यावर मी कुठलीशी किरकोळ चूक सांगितली. तुम्ही घास उचलला नाहीत.

"आनि दुसरी?"

"तुमी गोल दिला ना!"

"मना दिसला नाय, म्हनून दिला. म्हनून तर तुला इचारतो. पायाला लागून गेला तर गोल, पायानी ढकलला तर नाय. लागला का ढकलला, त्या पायालाच म्हाईत."

मी रडत रडत सांगितलं. तुम्ही तुमच्या ताटातली तळलेल्या बोईट माशाची तुकडी माझ्या ताटात ठेवलीत आणि म्हणालात, "आता जेव." पुढच्या रविवारी सगळ्या पोरांसमोर तो गोल रद्द केलात, आणि वर म्हणालात की चूक पंचाची होती. इतकी चांगली तुकडी मी नंतर कधी खाल्ली नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. बर्फ तुम्ही पाहिलाच नाहीत. बर्फावरची हॉकी शिकायला लेहला गेले आणि गोठलेलं तळं पहिल्यांदा दिसलं, तेव्हा क्षणभर मिठागरच वाटलं. त्यावर चेंडू नसतो, रबराची चपटी चकती असते. चाकांवर आपण मागचा पाय घासून थांबतो. मी तिथंही तेच केलं आणि तोंडावर आपटले. तिथली एक मुलगी, गोलकीपर, पोट धरून हसली. "पनवेल में ब्रेक नहीं होते क्या?" मग तिनंच माझा हात धरून, स्केटखालची पाती आडवी करून थांबायला मला शिकवलं. आठवडाभर शिकवत होती. तिच्या थर्मासमधला चहा आम्ही एकाच कपातून प्यायचो.

भारताच्या संघासाठी निवडीचा शेवटचा सामना. समोरच्या गोलमध्ये तीच. चकती तिच्या पायांपाशी, माझी काठी अडकलेली. माझा पाय तिरका झाला. गोल. तिनं माझ्या स्केटकडे बोट दाखवलं. पंच माझ्याजवळ आले. "लगा या मारा?"

"लगा," मी म्हणाले.

जाळीच्या मुखवट्यातून ती माझ्याकडे बघत राहिली. मग वाकून तिनं चकती बाहेर काढली. संध्याकाळी यादी लागली. माझं नाव होतं, तिचं नव्हतं. त्या एका गोलमुळेच तसं झालं का, ते मला माहीत नाही. हा प्रश्न मी कुणाला विचारलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही तिनं थर्मास आणला. मी म्हणाले, मला चहा नको.

घरी फोन केला तर आई आनंदानं रडतच होती. तुमच्या फोटोपुढे तिनं पेढा ठेवला होता. "आनि चूक, गो?"

"एक पास उशिरा दिला."

"तेवरीच?"

"तेवढीच."

त्यानंतर सहा वर्षं भारताची जर्सी घालून खेळले. परक्या शहरांतल्या खोल्यांत, डब्यातलं थंड जेवण समोर ठेवून, पहिल्या घासाआधी मी माझी चूक मोठ्यानं सांगायचे. ऐकायला कुणी नसायचं. तरीही ती एक कधी सांगितली नाही. काठीनं मारलेले माझे सगळे गोल खरे होते, बाबा. पण ते मोजायला गेले की सुरुवात त्या एकापासूनच होते.

तिचा नंबर माझ्याकडे आहे. तीही आता तिकडे लहान मुलांना शिकवते म्हणे. हे सगळं खरं तर तिला लिहायला हवं. मी तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही उत्तर देणार नाही. मी ढकलली होती. हा कागद स्केट्सच्या पिशवीत ठेवते.

आई जेवायला हाक मारते आहे. ताटावर बसले की ती विचारेल, आणि मी आजही ओरडण्याचंच सांगेन.