नलूच्या हातची कोशिंबीर

४ नोव्हेंबर
नलूशी परत वाजलं. कोलंबी सोलून झाली, हातांना कोकम चोळलं, पाण्याखाली धरले, तीच विळी नुसती विसळली आणि बसली काकडी कोचवायला. साबण लाव म्हटलं तर हात माझ्या नाकाशी. "हुंग. येतोय काय गो वास?" वास गेला की हात स्वच्छ, हे बाईंचं शास्त्र. शेवटी लावला साबण, माझ्यावर उपकार केल्यासारखा. भाजीची विळी वेगळी ठेवते, हेही कबूल. दोघींनी हॉस्टेलच्या मुलींचे डबे सुरू केल्यापासून कितव्यांदा कबूल केलंय, देव जाणे.

६ नोव्हें.
पहाटेच्या एसटीने सावर्ड्याला, भावाकडे. आजचे डबे एकट्या नलूवर. जमेल म्हणाली.

८ नोव्हें.
रत्नागिरीत उतरले आणि कळलं. परवाच्या डब्यानंतर हॉस्टेलच्या मुलींना उलट्या-जुलाब. एकीला सलाइन. डॉक्टरांनी विचारलं, कच्चं काय खाल्लंत? कोशिंबीर. नलूला विचारलं, विळी कुठली घेतलीस. घाई होती म्हणाली. आणि हात? पदराला पुसत आत गेली. मुलीला बघून आले. ओठ पार सुकलेले, आणि मलाच विचारते, काकू, तुम्ही जेवलात का?

९ नोव्हें.
हॉस्टेल चालवणाऱ्या वहिनी मासळी बाजारात दिसल्या. तोंड फिरवलं. गाठलंच मी. तर म्हणतात, कोशिंबीर तुम्हीच पहाटे करून ठेवून गेलात ना, नलूताईंनी सांगितलं. मासळी न घेताच मागे फिरले.

घरी येऊन नलूला विचारलं. नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं. कढई घासता घासता म्हणाली, "तुझं नाव घेतलं तर लोक म्हणतील, एकदा चुकलं. तुझी स्वच्छता सगळ्यांना ठाऊक आहे. माझं घेतलं असतं तर डबेच बंद पडले असते."

म्हणजे इतकी वर्षं मी हात धुतले ते हिच्या कामी यायला. शाळेपासूनची मैत्रीण. इतका राग आलाय की घास उतरला नाही.

११ नोव्हें.
मुलगी बरी आहे. वहिनींना खरं सांगायचं म्हणून फोन हातात घेतला, तेवढ्यात त्यांचाच आला. "डबे चालू ठेवू. फक्त कोशिंबीर तुम्ही नका करू, नलूताईंना करू द्या."

बरं म्हटलं. का म्हटलं? डबे गेले तर खायचं काय, हे आहेच. शिवाय नलू समोर उभी होती, आणि तिच्यादेखत तिला खोटं पाडायला... नाही जमलं. तिचं तोंड बघायला हवं होतं. सुटली.

उद्या दुपारी त्या पोरी हिच्या हातचं खाणार. सकाळी डबे भरायच्या आत वहिनींकडे जायला हवं. जाईन का?

नलू अजून घरी गेलेली नाही, आतल्या मोरीवर आहे. पाण्याचा आवाज येतोय. साबण घेतलाय की नाही, इथून दिसत नाही.