भावनाताईंच्या सायकलीतली मोटर

७ डिसेंबर, रविवार
आज सायकल क्लबची प्रॅक्टिस राइड. फ्लायओव्हरच्या चढावर भावना लालवानींनी मला मागे टाकलं. उल्हासनगरला पापडांचं दुकान आहे त्यांचं. वय पन्नाशीच्या पुढे, अंगात पंजाबी ड्रेस. मी वर पोचलो तेव्हा बाई फोनवर ऑर्डर घेत होत्या. धाप नाही, घाम नाही. माझी सायकल गिअरची, त्यांची कॅरियरवाली. काहीतरी गडबड आहे.

८ डिसेंबर
यूट्यूबवर उलगडा झाला. हल्ली सायकलच्या नळीत मोटर लपवतात. बॅटरी पाण्याच्या बाटलीत. भावनाताईंची बाटली स्टीलची, जाडजूड! हर्षदाला सांगितलं. म्हणाली, "तुम्ही आधी पोट कमी करा." बायको फार भोळी आहे.

१० डिसेंबर
पापड घेण्याच्या निमित्ताने दुकानात गेलो. सायकल बाहेरच. वाकून नळीवर टिचकी मारली. आवाज संशयास्पद. तेवढ्यात त्यांचे मिस्टर कमलेश बाहेर आले. "क्या हुआ साईं, कुछ गिरा क्या?" म्हणालो, किल्ली. तेही शोधायला लागले. मग चहा पाजला. एवढा पाहुणचार कशासाठी? घरी आता पापडच पापड.

१२ डिसेंबर
रविवारी बारवी धरणाच्या रोडची मोठी राइड. पहाटे उठून सराव करायचं ठरवलं होतं. उठलो नाही. मी सराव केला तर त्या सावध होतील.
क्लबचा कॅप्टन प्रज्वल, त्याला फोन करून सगळं सांगितलं. म्हणाला, "काका, राहू द्या ना यार." हा का मिटवतोय? तोही तिथूनच पापड नेतो.

१४ डिसेंबर, पहाटे
प्लॅन पक्का. चढाच्या पायथ्याशी, सगळ्यांसमोर, सायकलींची अदलाबदल मागायची. आज सोक्षमोक्ष.

१४ डिसेंबर, संध्याकाळ
बेलवलीहून निघालो, सोनिवली मागे पडली. चढ दिसताच मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मोठ्याने म्हणालो, भावनाताईंच्या सायकलीत मोटर आहे.
भावनाताईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "दादा, मी चोर आहे का?" मग हँडल माझ्या हातात दिलं. "घ्या, तुम्हीच चालवा. तुमची मला द्या."
घाबरल्या असत्या तर सायकल दिली नसती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.
त्यांची सायकल माझ्या सायकलपेक्षा जड निघाली. थोडा चढलो आणि मांड्या पेटल्या. मोटर चालू कुठून करायची ते शोधत अंगठा फिरवला. बटण सापडलं. दाबलं. घंटी वाजली. पुढचे सगळे बाजूला झाले.
भावनाताई माझ्या सायकलवरून कधीच वळणाआड गेल्या होत्या. मग पोटरीत गोळा आला. सायकल आडवी टाकून रस्त्याच्या कडेला बसलो. मोळी घेऊन उतरणाऱ्या एक बाई थांबल्या. "काय झाला रं बाबा, पडलास का?" नाही म्हणालो, विश्रांती.
थोड्या वेळाने भावनाताईच उतरून परत आल्या. स्टीलची बाटली पुढे केली. बॅटरी मी प्यायलो. कोकम सरबत होतं, मीठ घातलेलं. "रोज पापडाच्या गोण्या घेऊन अंबरनाथला जाते दादा, पायाची सवय आहे," त्या म्हणाल्या. "आज तर कॅरियर रिकामा होता."
मी हळूच सॉरी म्हणालो.
"ऐकू नाही आलं. मघाशी सगळ्यांसमोर बोललात ना? मग वर चला."
सायकल ढकलत वर गेलो. सगळे धरण बघत उभे होते. सगळ्यांसमोर, मोठ्याने, माफी मागितली. टाळ्या नकोत म्हणालो, तरी प्रज्वलने वाजवल्या. भावनाताईंनी हातावर गूळ ठेवला.

१५ डिसेंबर
रजा टाकली. जिना उतरता येत नाही.
हर्षदाने विचारलं, "सापडली का मोटर?"
नव्हती म्हणालो.
"मग त्या चढल्या कशा?"
दुसरं कारण सुचेना.
म्हणालो, पायडल मारून.