कणी राहिलेलं घर

मंगळवार, ११ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

घरी सगळी धडधाकट आहात असं गृहीत धरून लिहितोय. तसं नसेल तर हे बाजूला ठेव आणि आधी तुमची खुशाली कळव. माझं ठीक आहे. खोकला होता, तो गेला. जिन्यातला दिवा घरमालकाने एकदाचा बदलला.

पत्र बघून तुला वाटेल, याच्या फोनला काय झालं. फोनवर तू "बोला भाऊजी" म्हणतोस आणि तेवढ्यावर माझं बोलणं संपतं. म्हणून कागदावर.

विचारायचं एवढंच आहे की ग्राफिक्स कार्ड आत्ता घ्यावं की थांबावं?

तू बसवून दिलेलं कार्ड अजून चालू आहे. पण पंखा जात्यासारखा घरघरतो, आणि मोठं चित्र शिजायला टाकलं की निम्म्यावर सगळं मशीन मान टाकतं. शिजायला टाकणं हा तुझ्या ताईचा शब्द, पण आता मलाही दुसरा सुचत नाही. मी जागेवर जाऊन टेप लावायचो, ती त्या मापांवरून संगणकात घर उभं करायची, आणि शेवटी उजेड-सावलीसकट खरं दिसणारं चित्र काढायचं काम कार्डावर सोडायची. "टाकलंय शिजायला, आता कोणी ढवळू नका," म्हणायची. चित्रात कुठे ठिपके ठिपके दिसले तर, "कणी राहिली हो. अजून दम द्यायला हवा."

सध्या कणीसुद्धा नशिबात नाही. मेमरी कमी पडली असं पडद्यावर येतं आणि संपलं.

पुलाजवळच्या दुकानात जाऊन आलो. खरं म्हणजे बऱ्याचदा जाऊन आलो. दुकानदार आता मला बघून खोकं काढायचीही तसदी घेत नाही. काल म्हणाला, "साहेब, कार्ड तेच आहे, तुम्हीही तेच आहात. भाव तेवढा रोज नवा असतो." मी म्हटलं, कार्डांची नवीन मालिका येणार आहे असं ऐकतो. तो म्हणाला, "ती कायमच येणार असते."

सकाळी उठलो की आधी फोनवर भाव बघतो. चहाचं आधण ठेवतो आणि परत बघतो. तेवढ्यात काही बदललेलं नसतं. परवा या नादात ओट्यापुढच्या फळीला ठेचकाळलो आणि चहा सांडला.

घाई असायचं कारण म्हणजे दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना. ताईने त्याचं सगळं करून ठेवलं होतं, फक्त चित्रं काढायची राहिली. ती गेल्यापासून ते काम तसंच अडकलंय. त्यांना किती दिवस थांबवणार?

तू यातला माणूस आहेस. दोन ओळींत कळव.

तुझा,
भाऊजी


रविवार, २३ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

दोन ओळी मागितल्या, तू चार पानं धाडलीस. इतकं लांब तू शाळेतही कधी लिहिलं नसशील. ताई सांगायची की निबंध आला की तुझं पोट दुखायचं.

तुझं सगळं नीट वाचलं. सध्या सगळ्या जगाला कार्डं हवीत म्हणून भाव चढलेत, नव्या वर्षात नवी मालिका आली की जुनी उतरतील, वापरलेलं कार्ड घेऊ नका, ते गेम खेळणाऱ्यांनी रगडलेलं असतं. पटलं. मग दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, मेमरी महाग होत चालली आहे, नवं आलं तरी जुनं उतरणार नाही. तेही पटलं. माझं असं झालंय की शेवटी जो बोलेल तो खरा.

तू लिहिलंयस, "भाऊजी, एका कामासाठी एवढा खर्च कशाला? फाइल माझ्याकडे पाठवा. ऑफिसातलं मोठं मशीन रविवारी रिकामंच असतं. सकाळी टाकतो, संध्याकाळी तुमच्या हातात."

फाइल फार मोठी आहे, बाबा. आपलं इंटरनेट तुला माहीत आहे.

पेन ड्राइव्हवर घालून पाठवा असं तू म्हणशील. पेन ड्राइव्ह आहे. शोधायला हवा.

मध्ये उठलो होतो. संगणकाच्या कॅबिनेटचं झाकण काढून आतली धूळ पुसली. कालही पुसली होती.

आणि दवाखान्याचं काम खरंच अजून अडकलंय का, असं तू विचारलंस, ते मी वाचून न वाचल्यासारखं केलं होतं, पण आता इथवर आलोय तर सांगून टाकतो. दवाखाना केव्हाच सुरू झालाय. चित्रं डॉक्टरांनी दुसरीकडून करून घेतली. माझी दाढ दुखत होती तेव्हा मी तिथेच गेलो. खुर्चीत तोंड उघडून पडलो होतो आणि वरचं छत बघत होतो. छत ताईने काढलं होतं तसंच केलंय, फक्त दिवे वेगळे लावलेत. डॉक्टर म्हणाले, "बघा, तुमच्या मापात एका बोटाचा फरक नाही." तोंडात कापूस होता, म्हणून बरं.

तर काम असं काही नाही. हातात कुठलंच काम नाही. मापं घ्यायला बोलावतात तिथे जातो, कागदावर लिहून देतो, पुढचं ते बघतात.

तरी कार्डाचं विचारतोच आहे. घ्यावं की थांबावं?

तुझा,
भाऊजी


गुरुवार, ४ डिसेंबर

प्रिय बारक्या,

तुझं पत्र आलं. एकच ओळ. "भाऊजी, फाइल कसली आहे?"

तू मोठा झालास. नाव अजून बारक्याच आहे, दारातून मात्र आडवा होऊन यावं लागतं तुला.

फाइल आमच्या घराची आहे. या भाड्याच्या घराची नाही. जे बांधलं नाही त्याची. जागासुद्धा घेतली नव्हती. काम नसेल तेव्हा तुझी ताई ते काढत बसायची. मी विचारायचो, जागेची मापं कुठली धरलीस? म्हणायची, "मापाडी, तुम्हाला न विचारता घेतलीत. हे एक घर तरी तुमच्या टेपशिवाय होऊ दे." मापाडी हे तिने मला ठेवलेलं नाव. तुमच्यासमोर म्हणायची नाही.

आम्ही किती लोकांची घरं केली त्याला गणती नाही. प्रत्येक चित्रात शेवटी माणसं टाकावी लागतात. तो तिचा नियम होता, की सगळं झाल्याशिवाय माणूस टाकायचा नाही आणि माणूस टाकल्याशिवाय चित्र द्यायचं नाही. घर केवढं आहे ते भिंतीवरून कळत नाही, शेजारी उभ्या असलेल्या माणसावरून कळतं. ही माणसं तयार मिळतात. एक निळ्या शर्टाचा, एक पिशवी घेतलेली बाई, एक कुत्रा. तीच सगळीकडे. ताई म्हणायची, "या पिशवीवालीची बघा किती घरं झाली. आणि आपण दोघं अजून भाड्याने."

आमच्या घराचं सगळं झालंय. खिडक्या, जिना, संध्याकाळचा उजेड कुठून यायचा तेही तिने लावून ठेवलंय. इस्पितळात भरती व्हायच्या आधी तिने एकदा शिजायला टाकलं, तर मेमरी कमी पडली. मी म्हटलं, नवं कार्ड घेऊ या. ती म्हणाली, "थांबू या. बारक्या नको म्हणतोय ना आता घ्यायला? मी परत आल्यावर बघू." त्या वेळीही तू थांबा असंच म्हणाला होतास. हे तुला लागावं म्हणून लिहीत नाही. सल्ला बरोबर होता. पुढे भाव खरंच उतरलेही.

त्यात माणसं टाकलेली नाहीत.

आता तुला कळलं असेल की फाइल का पाठवली नाही. तू ती सकाळी टाकशील, चित्र संध्याकाळी मेलवर येईल, आणि मी चहा पीत ते उघडीन. एकट्याने चित्र उघडायचं नाही असं आमच्यात होतं. चित्र झालं की ती हाक मारायची, "अहो, या, झाकण काढतेय." जेवत असलो तरी उठावं लागायचं. ज्याने मापं घेतली त्याने आणि जिने उभं केलं तिने, दोघांनी मिळून पहिल्यांदा बघायचं.

आणि एकदा शिजलं म्हणजे झालं. मग तिचं काही काम उरत नाही. आत्ता निदान एक राहिलंय.

म्हणून मी रोज भाव बघतो. वाढला तर म्हणतो, एवढ्याला नको. उतरला तर म्हणतो, अजून उतरेल.

जिन्यावर कोणीतरी आलंय. थांबतो इथेच.

भाऊजी


सोमवार, १५ डिसेंबर

प्रिय बारक्या,

कार्ड आणलं.

तुझी परवानगी न घेता आणलं, याचा राग मानू नकोस. परवा तुझा फोन आला, तू नेहमीसारखं "बोला भाऊजी" म्हणालास. फोन ठेवल्यावर मी चपला घातल्या आणि पुलापर्यंत गेलो. दुकानदार खुर्चीतून उठून उभा राहिला. म्हणाला, "साहेब, नक्की ना? घेऊन गेल्यावर भाव बघायचा नाही हं." खरंच बघितला नाही. सकाळी हात फोनकडे जातो, मग चहाकडे वळतो.

आता हस. घरी येऊन खोकं उघडलं, कार्ड कॅबिनेटशी धरलं, तर ते आत मावेना. बोटभर लांब. आयुष्यभर लोकांच्या भिंती मोजल्या आणि घरातलं खोकं मोजलं नाही. ताई असती तर वर्षभर पुरवून पुरवून सांगितलं असतं सगळ्यांना. मीच कॅबिनेटसमोर जमिनीवर बसून हसलो. शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, काय झालं.

तर कार्ड टेबलावर आहे, आणि काही करता येत नाही म्हणून मी जुन्या कार्डावरच फाइल उघडून बसलो. नुसतं उघडलं, कच्चं, उजेड न लावता, तर ती चालते. इतके दिवस ती उघडायचा धीर झाला नव्हता; मशीन मान टाकतं असं लिहिलं होतं ते ताईच्या वेळचं. आतून फिरलो. सवयीने माप लावायला लागलो. संगणकात दोन टोकं धरली की आकडा येतो.

स्वयंपाकघराचा ओटा कमी उंचीचा निघाला. नेहमी ठेवतो त्यापेक्षा चांगलाच खाली. आधी वाटलं, चुकली. मग आपल्या ओट्यापुढची फळी आठवली, जिच्यावर उभी राहून ताई स्वयंपाक करायची आणि जिला मी अजून रोज ठेचकाळतो. त्या घरात फळी लागणार नाही. ओटा बरोबर तिच्या कोपराखाली येतो.

मग दारं मोजली. सगळी उंच. तू आलास की दरवेळी मोजतोस ना, भाऊजींनी आज किती वेळा कपाळ आपटलं म्हणून? तिथे एकदाही आपटणार नाही.

मापं आम्हा दोघांचीच होती, टेप न लावता घेतलेली.

पिशवीवालीला तिथे टाकणार नाही. तिला खूप घरं आहेत. निळ्या शर्टालाही नाही. ताईचा नियम मोडतोय, पण ते घर केवढं आहे ते बघणाऱ्याला ओट्यावरून आणि दारावरून कळेल. न कळलं तर आपल्याला कळतंय.

कॅबिनेट मला बदलता येईल. दुकानदार माणूस पाठवतो म्हणाला होता, मी नको म्हटलं. तू ये. मी कोणाला ये म्हणत नाही हे तुला माहीत आहे, त्यामुळे हे वाक्य तीनदा खोडून चौथ्यांदा लिहितोय. शनिवारी आलास तर कार्ड बसवू, दुपारी शिजायला टाकू, आणि कणी राहिली तर अजून दम देऊ. वेळ आहे. पण झाकण काढायला दोघं लागतात. मापं घेणारा इथे आहे. जिने उभं केलं तिच्या बाजूने तू बस.

येताना काही आणू नकोस. थांबूही नकोस.

तुझा,
मापाडी