‘दॅट्स ग्रँड’ म्हणाला होता
आई, तिची आई आली. ल्यूकनमध्ये आपल्या समोर राहणारी, जिला तू लेक म्हणायचीस, तिची. मंगळवारी ॲडम्सटाउनच्या स्टेशनवर दोघी दिसल्या. ती म्हातारीच्या कोटाची बटणं लावत होती आणि म्हातारी हनुवटी वर करून निवांत उभी होती. माझा नुसता जळफळाट झाला. तू जाऊन अकरा वर्षं झाली, माझी पन्नाशी आली, तरी तो काही गेला नाही.

तेव्हाही हेच. माझ्या स्वयंपाकघरात तू पाहुणीसारखी बसायचीस. ‘प्रेसमधला डबा दे’ म्हटलं की तू इस्त्री शोधायचीस, कपाटाला इथे प्रेस म्हणतात हे तुला पटलंच नाही. माझ्या पुणेरी झालेल्या बोलण्यापुढे तू जपून, शब्द निवडून बोलायचीस. ती मात्र तुझ्याच कोल्हापूरकडची. तुला बोलवायला रस्ता ओलांडून जावं, तर दारातच ऐकू यायचं, ‘अगं लेकी, पीठ जरा सैल कर की, भाकरी चिरत्या बघ.’ मला कधी लेकी म्हणालीस गं? मला आपली नावानं हाक.

मग तुला इथेच ठेवून घ्यायचं ठरलं. इथल्या सरकारचा नियम असा, की आईवडिलांना ठेवायचं तर त्यांच्या नावानं खासगी आरोग्य विमा हवा. आमची मदतपेटी होती, तीस मराठी घरांची, मीच सुरू केलेली. कुणी आजारी पडलं की खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा, डबेही पोचवायचे. भारी अभिमान मला तिचा. तर ही समोरची तुझ्यादेखत मला म्हणते, ‘अगं, पेटी म्हंजे विमा न्हवं. ते पॉलिसीच मागत्यात. काढून टाक, ऐक माझं.’ आणि तू मान डोलावलीस, ‘शहाणी हाय पोरगी.’ झालं! तिनं सांगितलं म्हणून तर मी मुळीच काढणार नव्हते. तीसही घरांच्या सह्यांचं पत्र घेऊन गेले. सरकारी कचेरीत काउंटरवरच्या माणसानं ते तुझ्या अर्जाला जोडून घेतलं आणि म्हणाला, ‘दॅट्स ग्रँड.’ मी घरी नाचत आले. ‘ग्रँड म्हणाला, आई! कळव तुझ्या शहाणीला!’

दीड महिन्यानं नकार आला. आजारपणात पैसे देण्याची कायद्यानं बांधलेली जबाबदारी कुणावरच नाही, तेव्हा हा विमा नाही. मग पॉलिसी काढायला धावले, पण तुझी इथे राहायची मुदत संपली होती. जाताना तू तिच्या गळ्यात पडून रडलीस, मला म्हणालीस, ‘जेवत जा वेळेवर.’ पुन्हा अर्ज करू म्हणेपर्यंत तू तिकडे गावीच गेलीस, तिथल्या शेजारणीच्या हातचं शेवटचं पाणी पिऊन. दवाखान्याच्या खर्चाला मदतपेटी लगेच धावली. सगळ्यांत आधी हात पुढे केला तो तिनंच. तेही मला सहन झालं नाही.

आता इथल्या मराठी मंडळात नवं कुटुंब आलं की ती मलाच पुढे करते, ‘आधी पॉलिसी, मग पेटी, ह्यांनाच विचारा.’ मग मी ग्रँडची गोष्ट सांगते. इथे ग्रँड म्हणजे भव्यबिव्य काही नसतं हो, नुसतं ‘बरं’, आणि मी बापडी मंजूर समजले! आधी हसतात, मग हळहळतात. तुझ्या नातीला ती गोष्ट इतकी पाठ आहे की कालच्या रविवारी तीच म्हणाली, ‘मम, टेल देम द ग्रँड वन.’ सांगितली. समोरचीची आई माझ्या शेजारीच बसली होती. तिनं माझा हात हातात घेतला, ‘तुजी काय चूक त्यात, लेकी?’

लेकी म्हणाली. मला तिथे बसवेना.

हे पत्र कुणाला पाठवू? ठेवते प्रेसमध्ये, तुझ्या पिठाच्या डब्यामागे. आई, तुझा अर्ज दिला तेव्हा मला इथे येऊन सहा वर्षं झाली होती. बसवाला, पोस्टातली बाई, केस कापणारी, दिवसातून दहा वेळा ग्रँड कानावर पडायचं. मला त्याचा अर्थ त्या दिवशीही माहीत होता.