कागदावर एकच नाव

रत्नागिरी, ९ डिसेंबर १९३४

तीर्थस्वरूप आक्कास धाकूचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत?

इथल्या शाळांतून फुटबॉल खेळणारा एक मुलगा निवडायला कॉलेजने मला पाठवलं आहे. त्याला फी माफ होईल. "तिथल्या वकिलांच्या मुलाचंच नाव लिहून आण," असं आमच्या प्रिन्सिपॉल तात्यासाहेबांनी निघतानाच बजावलं होतं.

तो मुलगा वाईट खेळत नाही. पण काल सकाळी किनाऱ्यावर खारव्यांचा कान्हू रापणीचं जाळं ओढताना पाहिला. दोर त्याच्या हातात, पण नजर जाळ्याच्या पलीकडच्या टोकावर. संध्याकाळी शाळेच्या सामन्यातही तसंच. चेंडू पडायच्या आधी हा तिथे उभा. यंदा मॅट्रिकला बसतोय.

शाळेचे मास्तर हसले. "धाकूशेठ, खारव्याचं पोर कॉलेजात जाऊन जाळं टाकणार काय?"

मी म्हटलं, "टाकू दे की. तुमचे वकील सापडतील त्यात."

कागदावर एकाच नावाची जागा होती. कान्हूचं लिहून आजच टपालात टाकलं. साहेबांशी वाकडं घेऊ नको, हे तुझं सांगणं आठवलं, तरी लिहिलं. वीस वर्षं कॉलेजच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारतोय, खेळणारा मला कळतो. कामावरून काढलं तर गावी येईन. माझ्या वाटणीचं शेत कोण लावतं सध्या?

टपाल टाकून येताना इथल्या ग्रामदेवाच्या, भैरीच्या पाया पडलो, पण कौल लावला नाही. डोळ्यांनी पाहिलेलं देवाला काय विचारायचं?

घरच्या पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकू